आंब्याचा मोसम, तळपाय आणि वासाचं तेल



आजची नोंद बागेतली कमी आणि ओटीवरची जास्त आहे. गवती चहाची लागवड करावी का, त्याच्या तेलाला भाव काय, डिस्टिलेशनचं युनिट कुठे मिळतं, असं बरेच जण विचारतात. त्याबद्दल शेवटी लिहिते. पण त्याआधी ते तेल ज्या कामासाठी विकलं जातं, त्या मालिशबद्दल लिहायचं आहे. पीक लावायला निघालेल्या माणसाने ते कधी अंगाला लावून बघितलेलंच नसतं. आंबा न चाखता आंब्याचा व्यापार करण्यासारखं झालं ते.

आमचं घर हातखंब्याला. तिठ्यावरून रात्रभर गाड्या जातात. एक रस्ता मुंबई-गोवा, दुसरा रत्नागिरीहून कोल्हापूरकडे. ज्याला झोप लागते त्याला तो आवाज ऐकूच येत नाही. ज्याला लागत नाही तो प्रत्येक ट्रकचा गियर मोजत पडतो. डिसेंबर ते मे आमचे हे दुसऱ्या प्रकारात असतात. कलमं असलेल्या घरांना हे वेगळं सांगायला नको. मोहोर उशिरा आला की काळजी, लवकर आला आणि मळभ धरलं की काळजी. तुडतुडे गेले तर फुलकिडे आहेतच. कणी धरली म्हणता म्हणता उष्णतेने गळ सुरू होते. औषधवाल्याची उधारी, गुरख्यांचे पगार, मार्चअखेरीला सोसायटीचं कर्ज. वाशीचा भाव तर आपल्या हातात कधीच नसतो.

गेल्या मोसमात ह्यांची झोप साफ गेली. दोन वाजता उठून खळ्यात फेऱ्या मारायच्या, आभाळाकडे बघायचं, परत येऊन पडायचं. चिडचिड वाढली, जेवण कमी झालं. सासूबाई काही दिवस नुसत्या बघत होत्या. मग एका रात्री मला म्हणाल्या, "तेला तेल लाव गो पायाला. बोलून नाय व्हायचा काय."

सासूबाईंचा हात या कामात बसलेला आहे. वाडीतल्या बाळंतिणींना आणि बाळांना तेल लावायला पूर्वी त्यांना बोलावत. बाळंतिणीचं तेल-शेक, दिवाळीचं अभ्यंगस्नान, लावणीच्या दिवसांत पाठीला चोळणं, हे सगळं आपल्याकडे होतंच. त्याला कोणी थेरपी म्हणत नव्हतं एवढंच. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येच्या अध्यायात अभ्यंग रोज करायला सांगितलाय आणि त्यातही डोकं, कान आणि पाय यांना विशेष करून. तिथेच कोणाला करू नये तेही सांगितलंय. कफाने ग्रासलेला, अजीर्ण झालेला, नुकतंच शोधन घेतलेला, यांना नको. हा 'नको'चा भाग हल्लीच्या बाटल्यांवर बारीक अक्षरातही सापडत नाही.

पाश्चात्त्यांकडचा 'ॲरोमाथेरपी' हा शब्द त्या मानाने नवा. गात्फोसे नावाचा फ्रेंच रसायनतज्ज्ञ होता, त्याने १९३७ साली या नावाचं पुस्तक काढलं. प्रयोगशाळेत त्याचे हात भाजले होते आणि लव्हेंडरच्या तेलाचा आपल्याला उपयोग झाला असं त्याचं म्हणणं होतं. आता शहरातल्या स्पामध्ये तासाचे जे पैसे घेतात, त्यात आमच्याकडे गड्याची दोन-तीन दिवसांची मजुरी निघेल. असो.

आधी तेलांतला फरक नीट समजून घेऊ, कारण घोळ तिथेच होतो. आपण अंगाला लावतो ते खोबरेल, तिळाचं, करंजाचं, सांध्यांना उंडीचं, ही सगळी बियांची किंवा खोबऱ्याची स्थिर तेलं. कागदावर थेंब टाकला की डाग राहतो. दुसरं ते उडून जाणारं तेल. पाती, मुळं, साल, फुलं वाफेवर ऊर्ध्वपातन करून काढलेलं. गवती चहा, वाळा, निलगिरी, सिट्रोनेला, लव्हेंडर. ते अर्क असतं, अतिशय तीव्र. मालिशमध्ये पहिल्याचं काम हात सरकवण्याचं आणि दुसऱ्याचं वासाचं. वाळ्याची मुळं खोबरेलात घालून ठेवली की जे होतं ते तिसरंच, मुरवलेलं तेल. त्यात वाळ्याचा अंश येतो, पण त्याला वाळ्याचा अर्क म्हणता येत नाही. आमच्याकडे हेच वापरतात आणि माझ्या मते घरासाठी हेच बरं. चूक झाली तरी अंगावर फारसं येत नाही.

सासूबाईंची रीत अशी. वाळ्याची मुळं धुऊन कडकडीत वाळवायची, कात्रीने बारीक करायची. ओलसर राहिली तर तेल खवट होतं. घाणीच्या खोबरेलात बुडतील एवढी घालायची. थेट चुलीवर ठेवायचं नाही. टोपात पाणी गरम करून त्यात तेलाचं भांडं ठेवायचं, मंद आचेवर दोन-तीन तास. मग आठवडाभर झाकून ठेवायचं आणि फडक्यातून गाळायचं. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे ही बाटली पांढरी घट्ट होते. बिघडलं म्हणून टाकू नका, गरम पाण्यात ठेवा.

आता हात. मी सुरुवातीला बोटांनी रगडत होते तेव्हा सासूबाई ओटीवरून म्हणाल्या, "बोटानी टोचू नको, तळव्यानी चोळ. घाय कसली हाय तुला?" त्यांचं म्हणणं असं, की दाब सलग हवा, एका गतीचा, आणि एक हात कायम अंगाला टेकलेला हवा. तळपायापासून वर पोटरीकडे, म्हणजे रक्त परत जातं त्या दिशेने. टाचेभोवती आणि पायाच्या कमानीत अंगठ्याने गोल. मग पाठ. कण्यावर दाब द्यायचा नाही, त्याच्या दोन्ही बाजूंनी. सगळं मिळून वीस मिनिटं. त्याहून जास्त केलं की माझेच खांदे भरून येतात, आणि आठवड्यातून चार वेळा होण्यापेक्षा एकदाच होतं.

चार-पाच दिवसांत हे बोलायला लागले. हे मला अपेक्षित नव्हतं. पालथा पडलेल्या माणसाला समोरच्याचं तोंड दिसत नाही. बोलणाऱ्याला ते सोपं जात असावं. आधी गुरख्यांना दिलेल्या आगाऊ पैशांचं निघालं, मग एका व्यापाऱ्याकडे अडकलेल्या रकमेचं, जी मला माहीतच नव्हती. एका रात्री पोटरीला तेल लावताना म्हणाले, "मी नसलो तरी बाग चालेलच की. उलट सुटाल तुम्ही."

माझा हात थांबला. मी पाय पुसले, त्यांना उठून बसायला सांगितलं आणि सरळ विचारलं, "अहो, जीव द्यायचं मनात येतं का?" असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल अशी भीती लोकांना वाटते. डॉक्टर म्हणतात तसं होत नाही, उलट माणूस मोकळा होतो. बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "कधी कधी." त्या रात्री फवारणीच्या औषधांची खोली मी कुलूप लावून बंद केली आणि चावी सासूबाईंच्या बटव्यात गेली. दुसऱ्या दिवशी बाग सोडून आम्ही रत्नागिरीला डॉक्टरांकडे गेलो. रक्तदाबही वाढलेला निघाला. गोळ्या सुरू झाल्या आणि महिन्यातून एकदा बोलायला जाणंही सुरू झालं. हे सगळं मी ह्यांना विचारून लिहितेय. "लिही, नाव नको घालू," म्हणाले. नाव घातलं नाही, पण वाडीला कळायचं ते कळेलच.

म्हणून हे ठळक करून ठेवते. थकवा, आखडलेले खांदे, हंगामाची धाकधूक यासाठी तेल ठीक. झोप दोन आठवड्यांहून जास्त गेलेली, जेवण सुटलेलं, वरच्यासारखं वाक्य तोंडातून निघालेलं, तर डॉक्टर. घरी बसून बोलायचं असेल तर सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, नंबर १४४१६, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. हा नंबर आम्ही औषधांच्या खोलीच्या दारावर, आतून, खडूने लिहून ठेवलाय.

मालिश मात्र चालू राहिली, गोळ्यांच्या जोडीला. आणि मग माझ्यातली शेतकरीण जागी झाली. वाळ्यामुळे होतंय की चोळण्यामुळे? आपण खताची ट्रायल घेतो तशी घेतली. आठ दिवस नुसतं खोबरेल, आठ दिवस वाळ्याचं, पुढे आठ दिवस खोबरेलात गवती चहाच्या विकतच्या तेलाचे थेंब. ह्यांना झोपायला किती वेळ लागला ते मी वहीत लिहीत होते. खरं सांगायचं तर तिन्हींत फारसा फरक नव्हता. वाळ्याचा वास त्यांना आवडतो, "विहिरीच्या काठी बसल्यासारखं वाटतं" म्हणतात. गवती चहाने मात्र चहा प्यावासा वाटू लागला. कृषी विद्यापीठातली मंडळी हे वाचून हसतील, की ना पुनरावृत्ती, ना नियंत्रण प्लॉट, आणि वास लपवून ट्रायल घेणार कशी? बरोबर आहे. पण हीच अडचण मोठ्या अभ्यासांनाही येते. कोक्रेन ही संस्था जगभरच्या वैद्यकीय प्रयोगांचे आढावे घेते. कॅन्सरच्या रुग्णांना साधी मालिश आणि सुगंधी तेलाची मालिश यावर त्यांनी २०१६ मध्ये आढावा काढला. प्रयोग लहान, दर्जा कमी, ठाम काही सांगता येत नाही, असा त्याचा सूर होता. वासाची नस मेंदूत भावना आणि आठवणींच्या भागाला फार जवळून जोडलेली असते, त्यामुळे आवडीच्या वासाने बरं वाटतं यात नवल नाही. पण अमुक तेलाने अमुक रोग जातो, असं बाटलीवर लिहिलेलं असेल तर ती बाटली परत ठेवा.

आता थेंबांचा हिशेब. आपल्या लोकांना हे पटकन कळेल, कारण मात्रा म्हणजे काय ते फवारणी करणाऱ्याला शिकवावं लागत नाही. औषध दुप्पट घातलं म्हणून कीड दुप्पट मरत नाही, पानं मात्र करपतात. इथेही तेच. मोठ्या निरोगी माणसाच्या अंगाला एक टक्का पुरे, म्हणजे १०० मिली खोबरेलात १ मिली अर्क. १ मिली म्हणजे ड्रॉपरचे साधारण २० थेंब, पण ड्रॉपर-ड्रॉपरमध्ये फरक असतो, म्हणून मी सिरिंजने मोजते. ही सिरिंज फवारणीच्या औषधाची नको, वेगळी, नवी. गवती चहाच्या तेलात सिट्राल तीन-चतुर्थांशाच्या आसपास असतो आणि तो कातडीला झोंबतो, म्हणून ते अर्ध्या टक्क्यावरच ठेवा. दालचिनीच्या सालीचं तेल मालिशमध्ये नकोच, अंग भाजल्यासारखं होतं. लिंबाच्या सालीचं दाबून काढलेलं तेल लावून उन्हात गेलात तर डाग पडतात, आणि आपण तर दिवसभर उन्हातच. निव्वळ अर्क थेट अंगाला कधीच लावायचा नाही. आंघोळीच्या बादलीतही टाकायचा नाही, कारण तो पाण्यात मिसळत नाही, तरंगतो आणि तसाच्या तसा कातडीवर बसतो. पहिल्यांदा लावताना मिश्रण कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा.

कोणाला लावू नये तेही सांगते. तान्ह्या बाळाला साधं खोबरेल, वासाचं काही नको. कापूर आणि निलगिरी लहान मुलांच्या नाकाजवळ तर मुळीच नको, आणि पोटात गेलं तर झटके येऊ शकतात, म्हणून बाटल्या फळीच्या वरच्या खणात. पोटुशी बाई असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अर्क वापरू नका. दम्याचा त्रास असलेल्याला वासानेच खोकला सुटू शकतो. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांना गरम तेल देऊ नका, भाजलं तरी त्यांना कळत नाही. एकच पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल तर चोळायची नाही, आत रक्ताची गुठळी असू शकते, सरळ दवाखाना. आमच्या शेजारच्या काकी अशा पायाला सुंठीचा लेप लावून चोळायला निघाल्या होत्या, त्यांना आम्ही थांबवलं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला कुठल्याच स्पाच्या जाहिरातीत दिसलं नाही. फवारणी करून आलेल्या माणसाला तेल लावू नका. बागेतून आला, खांदा पंपाने भरून आलाय, घाम आलाय, बायको किंवा आई मायेने तेलाची वाटी घेऊन बसते. अंगावर औषधाचा अंश असतो. मान, मनगट, पोटऱ्या, जिथे पंप गळतो ती पाठ. त्यावर तेल चोळणं म्हणजे औषध अंगात चोळणं. आपली बरीचशी औषधं तेलात विरघळणारी असतात, आणि कातडीतून तशीही शिरतात. आधी कपडे बाहेरच काढायचे, वेगळे धुवायचे. भरपूर साबण-पाण्याने आंघोळ, डोकं आणि नखांसकट. फवारणीच्या दिवशी तेल नाहीच, दुसऱ्या दिवशी रात्री. आणि फवारणीला जाताना सकाळी अंगाला तेल चोपडून जायची काहींना सवय असते, 'औषध लागत नाही' म्हणून. तेल हे काही हातमोजे नव्हेत. फवारून आल्यावर मळमळ, डोकं गरगरणं, लाळ सुटणं, धूसर दिसणं यांपैकी काही असेल तर ते थकव्यावर ढकलून पाय चोळत बसू नका, औषधाचा डबा बरोबर घेऊन दवाखाना गाठा.

चोळणाऱ्याच्या हातांचंही तेच. तिने दिवसभर औषध कालवलं असेल तर आधी तिचे हात.

बाटली ओळखायची कशी, हा पुढचा प्रश्न असणार. पूजेच्या साहित्याच्या दुकानात 'लव्हेंडर तेल' म्हणून जे स्वस्तात मिळतं ते बहुतेक वेळा कृत्रिम सुगंध असतो, अगरबत्तीला ठीक. पांढऱ्या कागदावर थेंब टाकून बघा. गवती चहा, निलगिरी अशी हलकी तेलं शुद्ध असतील तर काही तासांत उडून जातात, चिकट डाग जवळजवळ राहत नाही. डाग राहिला तर त्यात स्थिर तेल मिसळलंय. वाळा आणि चंदन जड असल्यामुळे त्यांना ही कसोटी लागू नाही. बाटली गडद काचेची हवी, उन्हापासून आणि चुलीपासून लांब. जुन्या, हवा लागलेल्या तेलाने कातडीला खाज सुटण्याचा धोका वाढतो, म्हणून बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा.

आपल्या राज्याला हा धंदा काही नवा नाही. खानदेशात, नंदुरबार-पिंपळनेरच्या बाजूच्या डोंगरांत रोशा गवत आपोआप वाढायचं. तांब्याच्या भट्ट्यांवर त्याचं तेल काढत आणि ते मुंबईमार्गे इंग्रजांच्या काळात थेट तुर्कस्तानला जाई. त्यात जिरॅनिऑल भरपूर, वास गुलाबासारखा. तिकडे ते चक्क गुलाबाच्या अत्तरात भेसळ करायला वापरत. म्हणजे भेसळीचा इतिहासही आपल्याच गवतापासून सुरू होतो, अभिमान बाळगायचा की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. अलीकडे जम्मूकडे भद्रवाहला लव्हेंडर लावून शेतकऱ्यांनी नाव कमावलं. लखनौच्या सीमॅप आणि तिच्या भगिनी संस्थांचं अरोमा मिशन त्यामागे आहे. पण लव्हेंडरला थंडी आणि कोरडी हवा लागते. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. इथे लव्हेंडरची रोपं विकायला कोणी आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

आमच्याकडे असाच एक माणूस आला होता, गवती चहासाठी. एका कंपनीचा एजंट. एक एकर लावा, रोपं आमची, तेल आम्ही विकत घेऊ, लेखी करार करू. बोलणं गोड होतं. मी वही काढली. एक टन ओल्या पातीतून ३ ते ५ किलो तेल निघतं, जातीवर आणि कापणीच्या वेळेवर अवलंबून. सीमॅपची कृष्णा ही चांगली जात. म्हणजे १० मिलीच्या एका बाटलीसाठी दोन ते तीन किलो पाती लागते. पाती कापल्यावर लगेच, फार तर दिवस-दीड दिवसात भट्टीला लागायला हवी. भट्टी कुठे आहे? "होईल," म्हणाला. सरपण किंवा बॉयलरचा खर्च कोणाचा? पावसाळ्यात ओली पाती कापली तर ती तापते, सडते, तेल घटतं. मग जून ते सप्टेंबर कापणी कशी? तेलातला सिट्राल कमी भरला तर भाव किती कापणार, आणि तपासणार कोण, तुमचीच लॅब की त्रयस्थ? या प्रश्नावर त्याला फोन आला आणि तो तिठ्याकडे गेला तो परत आला नाही.

याचा अर्थ पीक वाईट असा नाही. वरकस जमिनीत येतं, गुरं फारसं तोंड लावत नाहीत, माकडं आणि डुकरं त्रास देत नाहीत, हा आपल्याकडे मोठाच गुण. पाणी साचणाऱ्या जागी कुजतं, तांबेरा येतो, तेवढं सांभाळायचं. दहा-पंधरा शेतकरी एकत्र आले, गटाची भट्टी असली आणि विक्री आधी ठरली असली, तर विचार करावा. एकट्याने करू नये असं माझं मत.

वाळ्याचं गणित आणखी वेगळं. तेल सोन्यासारखं, पण त्यासाठी वर्ष-दीड वर्षाने मुळं उपटायची आणि भट्टी रात्रंदिवस चालवायची, गवती चहासारखं दोन-तीन तासांत भागत नाही. आपल्या जांभ्यात मुळं अख्खी निघत नाहीत, तुटतात. आणि उतारावरची माती धरून ठेवणारी तीच मुळं उपटली तर पहिल्या पावसात बांधाचं काय? आम्ही बांधावरचा वाळा उपटत नाही. घराच्या मागे सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून दहा-बारा फुटवे लावलेत. गोणी फाडली की मुळं अख्खी हातात येतात. वर्षभराच्या तेलाला तेवढी पुरतात.

ह्यांची तब्येत आता कशी, असं जे विचारतील त्यांना: बरी आहे. गोळी चालू आहे, डॉक्टर सांगतील तेव्हाच बंद होईल. यंदाही फुलकिडे होते, भाव पडलेच, दोन रात्री खळ्यात फेऱ्या झाल्या. तिसऱ्या दिवशी स्वतःच वाटी घेऊन आले आणि म्हणाले, "आज पाठ नको, नुसते पाय." सोसायटीच्या कर्जाचं नूतनीकरण करून घेतलं, व्यापाऱ्याकडे अडकलेल्यातले निम्मे पैसे सुटले. औषधांच्या खोलीची चावी अजून सासूबाईंकडेच आहे. फवारणी असली की त्या काढून देतात, संध्याकाळी आठवणीने परत मागतात.

पुढे लावणी येतेय. तरवा काढून, दिवसभर चिखलात वाकून बायांच्या कमरा धरतात, त्यांना कोण तेल लावतं? बहुतेक घरांत कोणीच नाही. गेल्या वर्षी आम्ही चौघी-पाचजणींनी ठरवलं, लावणी संपली की आंघोळी करून एका ओटीवर बसायचं आणि एकमेकींच्या पाठीला दहा-दहा मिनिटं. खोबरेल सासूबाईंचं, गरम पाणी ज्या घरची लावणी त्या घरचं. इतकं हसू यायचं, की अर्धं दुखणं त्यातच जायचं. यंदा पुरुषांनाही सांगितलंय, त्यांनी त्यांची वेगळी ओटी बघावी.

वाळ्याचे फुटवे कोणाला हवे असतील तर देऊ, पैसे नकोत. पाऊस दोन-तीनदा चांगला पडून माती भिजली की या, त्याआधी नेऊन उपयोग नाही. गोणपाट ओलं करून आणा आणि त्याच दिवशी लावा.